चपला घालताना

आजची मीटिंग पडद्यावर झाली. एका प्रसूतिगृहाला नवं सॉफ्टवेअर हवंय, आणि त्यांना नेमकं काय हवंय ते समजून घेणं हे सिस्टीम अ‍ॅनालिस्ट म्हणून माझं काम. मीटिंग संपता संपता तिथल्या सिस्टरनी हात किंचित वर केला, ओठ हलले, आणि पडदा काळा झाला. आमच्या नव्या एआयनं सगळं बोलणं ऐकून त्यांच्या गरजा लगेच लिहूनही पाठवल्या. खोट काढायला जागा नव्हती, याचाच राग आला. मला तो हातच दिसत राहिला.

पूर्वी आम्ही प्रत्यक्ष जायचो. टेबलाशी सगळे शहाण्यासारखं बोलायचे. खरं बोलणं सुरू व्हायचं ते दारात, माझा एक पाय चपलेत गेल्यावर. अशाच एका दवाखान्याच्या दारात डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "अहो, नावाशिवाय नोंद होणार नाही म्हणता, पण बारशाआधी बाळाला नाव कुठलं?" मग चपला काढून मी पुन्हा आत. पुन्हा चहा.

आपली माणसं निघतानाच का बोलतात, कोण जाणे. पाहुणा उठला की मन मोकळं होत असेल. पडद्यावरून मात्र कुणी उठून जात नाही, नुसतं नाहीसं होतं.

न राहवून सिस्टरना फोन केला. "मघाशी काही सांगायचं राहिलं का?"

"होतं हो काहीतरी," त्या हसल्या. "आता नाही बघा आठवत."