गिफ्टीच्या बोटाचं पाणी

कम्फर्टताईंनी गिफ्टीचं नाव घेतलं तेव्हा आम्ही दोघी वृद्धाश्रमाच्या मागच्या पायरीवर बसून डबा खात होतो. मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांच्यात थट्टा करण्याएवढी ताकद उरली आहे हेच विशेष, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत. "गिफ्टीच," त्या म्हणाल्या. "माझ्या नातीच्या जिभेवर पाणी गिफ्टी ठेवणार."

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. कम्फर्टताई घानाच्या, कुमासीच्या. त्यांच्यात मूल जन्मलं की आठव्या दिवशी पहाटे त्याला पहिल्यांदा उघड्यावर आणतात. एखादं वडीलधारं माणूस बोट बुडवून त्याच्या जिभेवर आधी पाण्याचा थेंब ठेवतं, मग दारूचा, आणि नाव सांगतं. ज्याच्या बोटाचं पाणी त्याचा स्वभाव मुलाला लागतो, ही त्यांची पक्की समजूत. त्यामुळे बोट कुणाचं, यावर आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीसारखी खलबतं चालतात. पण इथे जपानात, ग्योतोकुच्या आसपासच्या घानाच्या घरांत गेली कित्येक वर्षं खलबतं करावीच लागली नाहीत. बोट कम्फर्टताईंचं, हे ठरलेलं.

आणि गिफ्टी म्हणजे त्या सगळ्यांतली एक नंबरची आळशी बाई. नवऱ्याचा जुन्या गाड्यांचे सुटे भाग आफ्रिकेत पाठवायचा धंदा, त्यामुळे कशाची ददात नाही. दहाच्या आधी उठत नाही. शनिवारी सगळे जमले की बाकीच्या पातेली घासत असतात, तेव्हा ही खुर्चीत बसून गोष्टी सांगते आणि स्वतःच्याच विनोदाला हसते. खायला आधी, झोपायला मधी आणि कामाला कधीमधी. बाई मनाने वाईट नाही हो, पण वडीलधारं माणूस म्हणून तिला पुढे करायचं म्हणजे अतिच झालं.

कम्फर्टताईंची माझी ओळख कोमिनकानमधली. कोमिनकान म्हणजे इथलं वस्तीचं सभागृह. नाममात्र भाड्यात खोली मिळते. शनिवारी एका खोलीत आमचा मराठी वर्ग, शेजारच्या खोलीत त्यांचा. आम्ही पोरांना बाराखडी शिकवायचो आणि पोरं आपापसात जपानीत भांडायची. पलीकडे त्या त्यांच्या पोरांना त्वी भाषा, नाच आणि ढोल शिकवायच्या. आमच्या ढोलाबद्दल एकदा तक्रार गेली, मग त्यांच्याबद्दलही गेली. मी तणतणत घरी आले. कम्फर्टताईंनी कपाटातल्या बसायच्या झाबुतोन, म्हणजे चौकोनी उशा, पोरांपुढे मांडल्या आणि त्यांच्यावर ढोल शिकवायला सुरुवात केली. पुढच्या शनिवारी मीही गुपचूप तेच केलं. पुढे नवऱ्याचं तोयोसुतल्या कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट संपायची चिन्हं दिसली, तेव्हा वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात मला बाइतो, म्हणजे अर्धवेळचं काम, त्यांनीच लावून दिलं. त्या स्वतः तिथे म्हाताऱ्यांना आंघोळी घालतात.

आमची बोली म्हणजे मोडकी जपानी. इथे मी त्यांना सरळ मराठी बोलायला लावलं आहे, नाहीतर तुम्हीही दमाल.

त्यांचं आयुष्य सांगायचं तर नवऱ्यामागून आल्या. नवरा कारखान्यात होता. एके दिवशी छातीत कळ आली नि गेला, तेव्हा मुलगी अबेना तिसरीत होती. परत जायचं की राहायचं हे ठरवायलाही त्यांना सवड मिळाली नाही, कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीचं बाळंतपण अडलं आणि डॉक्टरचं बोलणं तिला समजावून सांगायला कुणी नव्हतं. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. कुणाला महापालिकेत न्यायचंय, कुणाला कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा हे शिकवायचंय, कुणाच्या पोरीचे केस वेणीत बसत नाहीत म्हणून शाळा कुरकुर करतेय. कुणी मेलं तर इथे जाळतात, त्यांना पुरायचं असतं. त्या भांडणातही ह्याच. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. या सगळ्यात अबेना मात्र हातची निसटली. ती आईचं त्वी ऐकायची आणि उत्तर जपानीत द्यायची. सातवीत गेली तशी तिने शनिवारचा वर्गही सोडला. म्हणाली, ते आईचं दुकान आहे, माझं नाही. पुढे एका शांत जपानी मुलाशी लग्न केलं, बालवाडीत शिकवायला लागली आणि आता तिला मुलगी झाली होती. गुरुवारी जन्मली म्हणून वाराचं नाव याआ.

गिफ्टीची बातमी फुटली आणि अबेनाने मला गाठलं. बाळंतीण पोर, डोळे सुजलेले. "मावशी, तुम्ही आईला सांगा. सगळ्यांच्या पोरांना तिने पाणी दिलं. माझ्याच पोरीला का नाही? मी भाषा शिकले नाही, त्याची शिक्षा आहे का ही?"

माझा पारा चढला. त्याच पावली मी कम्फर्टताईंकडे गेले. त्या गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसल्या होत्या. मनगटाला मलमाची पट्टी, अंगावर कामावरचाच सदरा.

"ताई, तुम्हाला काही वाटतं का? पोर रडतेय तिकडे. आणि तुम्हाला जगात गिफ्टीच सापडली? ती स्वतःचा चहासुद्धा करून पीत नाही."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"मला पाणी माझ्या आजीने दिलं होतं," त्या सावकाश बोलायला लागल्या. "बाजारात कंद विकायची आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांची बाळंतपणं करायची. मी तिला बसलेली कधी पाहिली नाही. तिचं मला आलं. मी ज्यांना दिलं त्यांचं बघ. एक रात्रपाळीची नर्स आहे. एक कॉलेज करून दोन-दोन ठिकाणी बाइतो करतो. एक पोरगी शाळेत आहे आणि तीन भावंडांचं सगळं तीच बघते. त्यांच्या आया मला येऊन कौतुकाने सांगतात, कम्फर्ट, तुझा गुण लागला हो. मी हसते. पण मला त्या पोरांचे डोळे दिसतात ना."

"कष्टाळू असणं काय वाईट आहे?"

"दुसऱ्यांच्या पोरांना पाणी देताना मलाही वाईट वाटलं नाही. आपल्या नातीला देववत नाही. स्वार्थी म्हण हवं तर." त्यांनी टबात पाय हलवले. "गिफ्टी झोपते, उत्तरा. शांत झोपते. तिला कुणी हाक मारत नाही आणि मारली तरी ती उठत नाही. मला याआ तशी हवी आहे."

मला खरं म्हणजे भांडायचं होतं. पण मी तिथेच जमिनीवर बसले. आमच्याकडे बारशाला आत्या लागते, आणि इथे आत्या कुणाचीच नसते, म्हणून ग्योतोकुपासून निशी-कसाईपर्यंतच्या बाळांच्या कानात कुर्र करायला मलाच बोलावतात. ओटी भरतात, फोटो काढतात, दोन वर्षांनी नवऱ्याची बदली झाली की पुण्याला निघून जातात. वर्ग मी चालवायचा, गणपतीचे मोदक मी करायचे, नव्याने आलेलीला डॉक्टरकडे मी न्यायचं. लष्कराच्या भाकऱ्या. माझा सारंग मला विचारतो, आई, तू एवढी चिडलेली का असतेस? जपानीत विचारतो. आपला गुण कुणाला लागावा असं मला वाटतं का, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं आणि उत्तर काही बरं येईना.

"मग अबेनाला काय सांगू?" मी विचारलं.

"सांग, आई दमली आहे."

मी तसंच सांगितलं. अबेनाने याआचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "ती दमते हे तिने मला कधी कळूच दिलं नाही."

आठवा दिवस उजाडायच्या आत आम्ही कम्फर्टताईंच्या इमारतीखाली सायकली लावतात तिथे जमलो. आदल्या दिवशी त्यांनी खालच्या-वरच्या सगळ्या जपानी शेजाऱ्यांना मिठाईचे पुडे देऊन, उद्या पहाटे आमचा त्रास होईल, माफ करा, असं सांगून ठेवलं होतं. त्रास कसला, सगळी मंडळी कुजबुजतच उभी होती. जावई पाण्याची नि दारूची वाटी घेऊन उभा. दारू म्हणजे कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतली, रोजच्या दुकानातली, शोचू. सगळं तयार, आणि गिफ्टीचा पत्ता नाही.

सूर्य उगवायच्या आत व्हायला हवं होतं. सूर्य उगवला. बायका एकमेकींकडे बघून ओठ मुरडायला लागल्या. एक जण मला हळूच म्हणाली की कम्फर्टला तूच सांग ना, पाणी तू दे म्हणून, तुझं ऐकेल. मी काय सांगणार? ऊन सायकलींवर आलं तेव्हा गिफ्टी आली, झकपक झगा घालून, जांभई देत. उशिराबद्दल चकार शब्द नाही. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. कम्फर्टताई मात्र तिला निरखून बघत होत्या. "झोप झालेली दिसते," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात समाधान होतं.

गिफ्टीने बाळ घेतलं, बोट पाण्यात बुडवलं आणि अडली. म्हणायचे शब्द तिला येत नव्हते. कधी लक्ष देऊन ऐकलेच नव्हते तिने. ती खुशाल हसली आणि कम्फर्टताईंकडे बघत राहिली. तेव्हा त्यांनी मागे उभं राहून एकेक शब्द सांगितला आणि गिफ्टीने तो मोठ्याने म्हटला. पाणी म्हणशील तेव्हा ते पाणीच असू दे. दारू म्हणशील तेव्हा ती दारूच असू दे. मला अर्थ ठाऊक आहे, इतक्या वेळा ऐकलंय. अबेना तोंड मिटून आईच्या ओठांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला होता, पण दुसरं काय आलं ते मला कळलं नाही.

मग वर जाऊन जेवणं झाली. गिफ्टीने पोटभर खाल्लं, डबा भरून घेतला आणि ती झोपायला घरी गेली. बाकीचेही कामाला गेले. कम्फर्टताई भांडी आवरायला उठत होत्या, तर अबेनाने त्यांना दंडाला धरून भिंतीशी टेकवून बसवलं. बसताक्षणी त्यांचे डोळे मिटले. मी भांडी घेतली. याआ आईच्या खांद्यावर झोपली होती आणि घरात खरोखरच शांत वाटत होतं.

तेवढ्यात कम्फर्टताईंचा फोन वाजला. अबेनाने तो पटकन उचलला, आईची झोप मोडू नये म्हणून. मला वाटलं, आई झोपली आहे म्हणून ठेवून देईल. पलीकडे एक बाई रडत होती, ते मलाही ऐकू येत होतं. अबेना आधी जपानीत काहीतरी म्हणाली. मग थांबली. मग अडखळत, एकेक शब्द शोधत, त्वी बोलायला लागली. चुकत असणार, कारण तेच-तेच पुन्हा सांगत होती. पण पलीकडचं रडणं कमी झालं. कुठलं हॉस्पिटल, एवढं मला कळलं. खांद्यावरची याआ तिने दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चपलांकडे बघायला लागली.

आठ दिवसांची बाळंतीण. मी ओले हात पुसत पुढे झाले आणि फोन मागितला. म्हटलं, आण इकडे, मी जाते. तिने मान हलवली आणि मला पाठ करून बोलत राहिली.

मी कम्फर्टताईंकडे वळले. ज्या भाषेसाठी या बाईने सगळे शनिवार घालवले ती भाषा तिची पोर तिच्याच घरात बोलत होती. त्या झोपल्या नव्हत्या. डोळे मिटलेलेच होते आणि गालावरून पाणी वाहत होतं. "उत्तरा," त्या हळूच म्हणाल्या, "तिला सांग, बस म्हणावं."

मी सांगितलं. अबेना तोवर चपला घालत होती.