‘प्रॉमिसिंग’ मनोहर

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या बसस्टँडवर उभा होतो. ‘काकाजी, बाबा गेले,’ त्याची लेक रेवा एवढंच बोलली. सकाळी पेटी घेऊन रियाजाला बसला, तिथंच कलंडला. महिना होत आला... पण मला त्याच्या मरणापेक्षा त्याआधीची भेट जास्त छळते.

मी इंग्रजीचा मास्तर. तालुक्याच्या गायन स्पर्धेत परीक्षक मीच, प्रमाणपत्रं लिहिणाराही मीच. हिंगणीचा मनोहर पहिल्यांदा गायला तेव्हा आम्ही दोघंही पंचविशीत. बक्षीस दुसऱ्याला गेलं. गडी हिरमुसू नये म्हणून त्याच्या कागदावर मी ‘प्रॉमिसिंग’ लिहिलं. अर्थ विचारला तर म्हणालो, पुढं नाव काढील असा. केवढा हरखला! लेका, फुकटचा शब्द होता रे तो. त्यानं मात्र खरा मानला. वनरक्षकाची परीक्षा स्पर्धेच्याच दिवशी आली, ती सोडली. शाळेतली नोकरी चालून आली, तीही धरली नाही. दरवर्षी तो गायचा, दरवर्षी मी तेच लिहायचो, आणि तो कागद घरी नेऊन खिळ्याला टांगायचा. केस पिकले, आवाज फाटला, तरी शब्द तोच... मला एकदाही लाज वाटली नाही.

यंदा रेवा गायली. बरी गायली, बस. नर्सिंग झालेली पोर, दवाखान्यातल्या जागेसाठी फॉर्म भरणार होती. सवयीनं माझा हात चालला. दुसऱ्या दिवशी मनोहर तिचा कागद घेऊन दारात हजर. पाणीसुद्धा प्याला नाही.

“मास्तर, हे खोडून दे. पोरीले गाता येत नाई असं लिव, पण हे नको.”

“काऊन गा? चांगला शब्द आहे.”

“कसा आहे ते मले ठाव आहे.”

मी हसण्यावारी नेलं. कागद तसाच परत दिला. आठ दिवसांनी तो फोन आला.

तेरवीला गेलो. भिंतभर माझंच अक्षर, आणि शेवटच्या खिळ्यावर रेवाचा कागद. दवाखान्यातल्या जागेचं काय झालं, मी विचारलं.

“फॉर्म नाई भरला, काकाजी. काल तारीख गेली. हा कागद बाबांनी लपवून ठेवला होता, पेटीत सापडला मले.”

मी म्हणालो, पोरी, मी ते उगाच लिहिलं होतं. तुझ्या बापाचंही.

रेवा हसली. “बाबा म्हणत, मास्तर खोटं लिवत नाई.”

मग तिनं पेटी पुढं ओढली आणि बाप बसायचा त्याच जागी, भिंतीकडं पाठ करून, गायला बसली.