चव न घेता केलेला स्लॉपी जो

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात आमच्या ओळखीच्या मराठी घरांत माझ्या नावावर एकच पदार्थ आहे, स्लॉपी जो. पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, ठरलं की फोन येतो, "काका, तुम्ही तुमचा स्लॉपी जो आणा," आणि मी बरं म्हणतो. तो पदार्थ मी आयुष्यात एकदाही केलेला नाही. तो करते माझी बायको, जिने जन्मात मांसाचा घास तोंडात घातलेला नाही. हे लिहून ठेवायला मी फार उशीर केला आहे. प्रश्न नुसत्या कौतुकाचा असता तर कदाचित आणखीही केला असता. पण या पदार्थामुळे आमच्या मुलीच्या मनात तिच्या आईविषयी एक अढी बसली, आणि ती बसताना मी समोर जेवत होतो.

स्लॉपी जो म्हणजे टोमॅटोच्या आंबटगोड सॉसमध्ये शिजवलेला खिमा, गोल पावात भरलेला. खाताना तो बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतो. आमच्या न्यू जर्सीत काही दुकानांत याच नावाने तीन थरांचं थंड सँडविच मिळतं, ते हे नव्हे. मुलगी प्राथमिक शाळेत असताना तिने तो शाळेच्या कँटीनमध्ये खाल्ला आणि घरी येऊन जाहीर केलं की आता डब्यात पोळीभाजी नको.

बायकोने लायब्ररीतून पाककृतींचं पुस्तक आणलं. बीफ आमच्याकडे चालत नव्हतं, म्हणून मला टर्कीचा खिमा आणायला सांगितलं. कृतीत एक काळा, आंबट सॉस होता. तिने दुकानात त्याची बाटली फिरवून मागचं सगळं वाचलं.

"यात मासा आहे," ती म्हणाली. मग आणखी वाचून म्हणाली, "आणि चिंच आहे. चिंच आहे तर मासा कशाला लागतो यांना?"

बाटली परत फळीवर गेली. घरी चिंचेचा कोळ आणि ब्राऊन शुगरच्या जागी गूळ आला. आमच्या स्लॉपी जोची जी चव लोक नावाजतात ती तिथून आली आहे.

अडचण एकच होती, माझ्या सासूबाई. त्या वर्षांत त्या आमच्याकडे राहायला होत्या. त्यांचं सोवळं अमेरिकेतही तसंच होतं. मुलं आणि जावई बाहेर काय खातात याकडे त्या कानाडोळा करत, पण लेक मांस शिजवते हे कळलं असतं तर त्यांनी घरात पाणी घेतलं नसतं. म्हणून बायकोने गराजमध्ये इलेक्ट्रिक शेगडी मांडली. पातेलं वेगळं, डाव वेगळा, नेसायची जुनी साडीसुद्धा वेगळी. शुक्रवारी दुपारी आई झोपली की ती गराजचं दार अर्धं वर करून खिमा शिजवायची आणि आंघोळ करून पुन्हा घरात यायची.

"तुम्ही केलं म्हणून सांगा," तिने मला बजावलं होतं. "जावयाला ती काही बोलायची नाही."

मी ऑफिसातून आलो की एप्रन बांधून गराजमध्ये जायचो, पातेलं गरम करायचो आणि मिरवत आत आणायचो. मुलं टाळ्या वाजवायची. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "जावईबापूंना हौस भारी."

आता तिने ते कसं केलं ते सांगतो, कारण खरी गोष्ट तीच आहे. जो पदार्थ कधी चाखला नाही आणि चाखणार नाही, तो माणूस बरोबर कसा करतो? मी एकदा विचारलं होतं. तिला प्रश्नच विचित्र वाटला. "नैवेद्याची कुठे चव घेतो आपण?" ती म्हणाली. लहानपणापासून ती देवाच्या नैवेद्याचा स्वयंपाक करत आली होती. देवाला दाखवण्याआधी जिभेला लावायचं नाही, आणि तरी पुरणात गूळ कमी पडता कामा नये. मीठ तिला वाफेच्या वासावरून कळायचं. खिम्यातलं पाणी आटलं की पातेल्याचा आवाज बदलतो, तो ती पाठमोरी असताना ओळखायची. सॉस झाला का हे पाहायला ती एक थेंब बशीत टाकून बशी कलती करायची. थेंब पळाला तर अजून थांबायचं. सुरुवातीला एकदोनदा चुकलं असेल. तेव्हा ती आमचे चेहरे बघायची, विचारायची काहीच नाही, आणि पुढच्या शुक्रवारी ती चूक नसायची.

शिवाय घरातल्या प्रत्येकाची आवड वेगळी. मुलीला शाळेसारखा गोड हवा आणि कांद्याचा तुकडा दिसता कामा नये. मुलाला हिरवी मिरची, मोहरीचा सॉस आणि लोण्यावर कडक भाजलेला पाव. मला तो शेवटी खिमा-पावच वाटायचा, त्यामुळे वरून गरम मसाला, कच्चा कांदा, लिंबू. तिने त्यासाठी तीन पातेली कधी चढवली नाहीत. मुलीचा वाटा आधी निघे, मग मिरची पडे, मग मुलाचा निघे, मग माझा मसाला. मी सॉफ्टवेअरमध्ये उभी हयात काढली, पण कामाचा क्रम इतका नेटका लावलेला मी ऑफिसात फार थोड्या वेळा पाहिला.

सासूबाई पुढे माझ्या मेव्हण्याकडे पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. शेगडी गराजमधून स्वयंपाकघरात आली, पण मुलं शाळेतून यायच्या आत खिमा तयार असे, आणि गरम करून वाढायचं काम आणि नाव माझंच राहिलं. मी बायकोला म्हणालो, आता सांगून टाकू. ती म्हणाली, "असू दे." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मराठी मंडळातले लोक पाठीवर थाप मारत होते, मुलं माझ्यावर खूष होती. मला ते आवडत होतं.

मुलगी हायस्कूलला असताना एका शुक्रवारी जेवताना आईवर चिडली. निमित्त कुठल्याशा स्लीपओव्हरला, म्हणजे मैत्रिणीकडे रात्री राहायला, नाही म्हटल्याचं होतं. बायको नेहमीप्रमाणे तिचा वरणभात घेऊन टेबलाच्या टोकाला बसली होती.

"यू नेव्हर इव्हन ट्राय, आई," मुलगी म्हणाली. "बाबा आमच्यासाठी हे शिकला. तू नुसती लांब बसतेस, जसं काही आम्ही घाणेरडं खातोय."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी लिंबू पिळत होतो.

"अगं, प्रत्येकाचं वेगळं असतं," मी म्हणालो. "आईला त्रास देऊ नकोस."

गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याने मी आणखी मोठा झालो आणि ती आणखी परकी. बायको थोड्या वेळाने एवढंच म्हणाली, "लिंबू बेताने पिळा. आज टोमॅटो आंबट होते." मुलीच्या ते ध्यानातही आलं नाही. त्यानंतर मुलगी आईशी कामापुरतं बोलू लागली. लग्न होऊन जॉर्जियात अल्फारेटाला गेली तरी ते तसंच राहिलं.

तिची मुलगी, म्हणजे आमची नात, आता इथल्याच युनिव्हर्सिटीत शिकते. शनिवारी कपडे धुवायला आमच्याकडे येते. गेल्या वसंतात एका शनिवारी खिम्याचं पाकीट घेऊनच आली.

"आजोबा, टीच मी. रूममेट्सना करून घालायचंय. आणि आई पण कॉलवर येतेय."

तिने फोन डाळीच्या डब्याला टेकवला. फोनमध्ये मुलगी हसत होती. बायको टेबलापाशी मेथी निवडत होती. मी पातेलं ठेवलं, तेल ओतलं आणि खिमा टाकायला गेलो.

"बाबा, कांदा आधी ना?" मुलगी म्हणाली.

"हो, कांदा," मी म्हणालो. कांदा चिरला, टाकला, मग गूळ घेतला.

"आता गूळ? बाबा, आर यू ओके?" तिचा आवाज उतरला. "इतकी वर्षं करतोयस तू. डॉक्टरकडे शेवटचा कधी गेला होतास?"

मला चक्क पळवाट मिळाली होती. या वयात माणूस विसरतो, कोणी दोष देत नाही. हो म्हटलं असतं तर मुलीने काळजी केली असती आणि माझं नाव शेवटपर्यंत शाबूत राहिलं असतं. मी बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून मेथी निवडत होती.

"मी काही विसरलो नाही," मी म्हणालो. "मला हे कधी येतच नव्हतं. हे तुझी आई करायची. पहिल्यापासून. मी नुसता गरम करून आणायचो."

"अहो, कशाला आता," बायको म्हणाली.

नातीने फोनकडे पाहिलं, मग आजीकडे. मुलगी स्क्रीनच्या जवळ आली.

"पण आई, तू तर हातसुद्धा लावत नव्हतीस."

"हात लावत होते. तोंडाला लावत नव्हते," बायको म्हणाली. मग उठली, मला कोपराने बाजूला केलं आणि गॅस बारीक केला. "कांदा करपवलात." नातीला म्हणाली, "तू ये इकडे. वाफ घे नाकावर. मीठ आहे का सांग."

"मी त्या दिवशी टेबलावर तुला जे बोलले," मुलगी म्हणाली, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जेवत होतात." बायकोने डाव फिरवला. "आणि ते यांनी सांगायचं होतं. स्वतःचं स्वतः काय सांगणार मी?"

"बाबा, यू शुड हॅव," मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

मुलगी पुन्हा आईकडे वळली. "माझा वेगळा काढायचीस, गोड?"

"सगळ्यात आधी तुझा. मिरची पडायच्या आत. आणि कांदा किसून घालायचे, म्हणजे तुला दिसू नये."

"मला वाटायचं बाबा माझ्यात कांदा घालतच नाही."

"त्यांना कुठलं माहीत असायला," बायको म्हणाली, आणि नातीला गूळ किती घ्यायचा ते तळहातावर घेऊन दाखवू लागली.

मुलीचा फोन इतकी वर्षं माझ्याच मोबाइलवर येतो. पाच-दहा मिनिटं बोलून झालं की म्हणते, आईला दे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिच्या आईचा मोबाइल वाजला. बायकोने नाव पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. पुष्कळ वेळाने बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा हसरा होता. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.