बोनेटच्या पलीकडचा आवाज

"थांबा बाई, अर्थिंग पाहून घेतो."

रोज सकाळी हेच. लसींचा डबा मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसलेली, शेजारी आशाताई, आणि आमचा ड्रायव्हर बोनेट उघडून आत वाकलेला. बॅटरीपासून इंजिनाला आणि गाडीच्या सांगाड्याला गेलेल्या अंगठ्याएवढ्या जाड वायरी तो एकेक करून दाबून बघायचा आणि मग तोच अंगठा कपाळाला लावायचा. गाडी सुरू करण्याआधी हात जोडणारे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. वायरीच्या पाया पडणारा मी हा एकच पाहिला.

मी नर्स. सिंदेवाहीच्या आतल्या जंगलगावांत लसीकरणाला जाताना आम्हाला त्याची भाड्याची जीप असायची. गाडी जुनी, पण वायरी सगळ्या नव्या. चंद्रपूरला गेला की तो आणखी एक जाड वायर घेऊन यायचा. तालुक्याचा मिस्त्री त्याला हसायचा. म्हणायचा, "अबे, कंपनीची एक वायर बस आहे. ह्या दोऱ्या बांधून काय गाडी उडन?"

मीही कमी नव्हते. एकदा विचारलं, "भाऊ, एवढ्या वायरींनी गाडी जास्त पळते का हो?"

"पयाले नाई लावल्या बाई," तो म्हणाला, "थांबू नये म्हून लावल्या."

त्यानंतर मी चेष्टा केली नाही, कारण त्या दिवशी आशाताईंनी मला सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी याच रस्त्यावर त्याची आधीची गाडी बंद पडली होती. धाकटा भाऊ धक्का मारायला खाली उतरला. तो मागून ढकलत होता आणि हा स्टेअरिंगवर होता. गाडी सुरू झाली तेव्हा मागे कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या लोकांना नाल्यात जे सापडलं ते मी इथे लिहिणार नाही. गाडी तपासल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाला होता, अर्थिंग ढिली होती.

तेव्हापासून त्याच्या गाडीत त्याचा कायदा चालायचा. जंगलात कोणी उतरायचं नाही. उतरावंच लागलं तर उतरणाऱ्यानं मोठ्यानं बोलत राहायचं. "आवाज बंद झाला का हारन दाबा," असं तो प्रत्येक नव्या माणसाला बजावायचा. वाटेत वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. तिथेही तो इंजिन चालू ठेवून, दार उघडं ठेवून, पळत जाऊन पाया पडायचा आणि चिमूटभर शेंदूर कागदात बांधून आणायचा. त्याचं काय करतो, हे मी कधी विचारलं नाही.

मोहाचे दिवस होते. सकाळी गावातल्या बाया फुलं वेचायला झाडांखाली वाकलेल्या असतात आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. त्या आठवड्यात शेजारच्या गावातली एक बाई गेली होती. तशातच एका सकाळी आम्ही तिघं निघालो. वाघोबाच्या दगडापुढच्या वळणावर एक रानडुक्कर आडवं आलं, भाऊनं करकचून ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली.

चावी फिरवली. टक. पुन्हा टक. बाकी काही नाही.

रस्ता सपाट होता, धक्क्याशिवाय गाडी हलली नसती. तो तसाच बसून राहिला. त्याच्या मानेवरून घाम खाली उतरताना मला दिसत होता. डाव्या अंगाला सागाच्या झाडावर माकडं खकाखका ओरडायला लागली. ती उगाच तशी ओरडत नाहीत, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. आशाताईंनी माझा हात धरला.

"उतरू नका," तो म्हणाला. "मी पायतो."

त्यानं पाना घेतला, उतरला आणि बोनेट वर केलं. त्याबरोबर तो दिसेनासा झाला. समोर नुसता पत्रा. पलीकडून आवाज तेवढा येत होता.

"नट ढिला करून राह्यलो. बॅटरीची वायर काढून राह्यलो. निघाली. हे इंजिनाकडची..."

आणि आवाज थांबला.

माकडंही थांबली होती. मी हॉर्नवर हात मारला. हॉर्न वाजला नाही. वायरच काढून ठेवलेली, वाजणार कसा? मी पुन्हा पुन्हा दाबत राहिले. शेवटी कशीबशी ओरडले, "भाऊ! बोला ना!"

मग अगदी हळू आवाज आला.

"बाई, इथी शेंदूर हाय."

"काय?"

"वायरीखाली. मीच लावला. देवाचा हाय. खरडू का?"

तेव्हा मला उमगलं. प्रत्येक नवी वायर बसवताना तो आधी तिच्या जागेला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा, त्यावर वायर ठेवायचा आणि नट आवळायचा. अशी एकावर एक पुटं चढली होती. वायर कितीही जाड असली तरी ती लोखंडाला टेकतच नव्हती. गाडी बंद पडू नये म्हणून देवाला जिथे बसवलं तिथेच वीज अडत होती, आणि आता मागे वाघ असेल-नसेल, तरी देवाला खरवडायला त्याचा हात धजत नव्हता.

"खरडा भाऊ," मी म्हटलं. "देवाला मी सांगते."

पत्र्यावर पान्याची खरखर ऐकू आली. मधेच तो रडतोय असं वाटलं, पण खरखर चालू होती आणि मला तेवढंच हवं होतं. मग नट आवळल्याचा आवाज आला, बोनेट धाडकन पडलं आणि त्याचा चेहरा दिसला. बोटं शेंदरानं लाल झाली होती. चावी फिरवताच गाडी सुरू झाली. गाव येईपर्यंत आमच्यापैकी कोणी मागे वळून पाहिलं नाही.

नंतर त्यानं जास्तीच्या सगळ्या वायरी काढून टाकल्या. जागा घासून लख्ख केल्या आणि शेंदूर समोरच्या काचेवर आणला. मिस्त्री म्हणाला होता तसं एका वायरीवर भागलं. भीती मात्र कमी झाली नाही. रोज सकाळी बोनेट उघडणं चालूच राहिलं.

गेल्या वर्षी तो गेला. जंगलात नाही, घरी खाटेवर, काविळीनं. कळलं तेव्हा मी रजेवर होते, म्हणून उशिराच त्याच्या घरच्यांना भेटायला गेले. अंगणात जीप उभी होती. कोणीतरी बॅटरी काढून नेली असावी, बोनेट वरच राहिलं होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं. मला पुढे जाववेना.

"भाऊ, बोलत राहा," मी म्हटलं.

त्याची बायको ओट्यावर आली. "कोनासंगं बोलून राह्यल्या बाई?" तिनं विचारलं.