तीन पानांचा पुडा

खाणीखालच्या पाणथळीत शिउझेन एकोणीस वर्षं राबत होती. खाणीचं पाणी पाणकणीस आणि बोरूच्या रानातून संथ झिरपत जाई आणि पलीकडच्या भातखाचरांत पोचेपर्यंत निवळलेलं असे. उपटलेल्या मुळांवरचा तांबडा, गंजासारखा थर नखानं खरवडून ती नव्या बायकांना दाखवी. "शिसं, जस्त बरंचसं इथंच अडतं. आत शिरलेलं ही झाडं स्वतःला बाधणार नाही अशा कोपऱ्यात कोंबून ठेवतात." हिवाळ्यात कापलेली ताटं बंद खड्ड्यात जात, गुरांपुढे नाही की चुलीत नाही. हा नियम तिचाच, आणि गावात तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

ड्रॅगन नौकांच्या सणाला सकाळी ती घरी आली, तर चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. सून लानयिंगनं बोरूच्या पानांत बांधलेले चिकट तांदळाचे चाळीस पुडे उकळायला टाकले होते. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचे आईवडील दुपारी सणाला येणार होते.

उरलेल्या पानांची जुडी कोपऱ्यात पडली होती. शिउझेननं ती उचलली. पाणकणसाच्या पात्यानं बांधलेली.

"पानं कुठली गं?"

"वरच्या झऱ्यावरची."

"झऱ्यावर पाणकणीस उगवत नाही."

लानयिंगनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "झऱ्यावरची पानं अरुंद, आई. एका पुड्याला तीन-तीन लागतात. लोक हसतील. आणि तुम्हीच सांगता ना, विष मुळात राहतं म्हणून?"

"बरंचसं, असं सांगते. थोडं पानापर्यंत चढतंच. ते किती, हे काय तुझ्या वडिलांच्या ताटात मोजायचं?"

"मग चाळीसच्या चाळीस टाकू? आणि त्यांना वाढू काय, तुमचं भाषण?"

"भाषण मी करते. तू तांदूळ भिजत घाल."

शिउझेननं पातेलं उतरवलं, सगळे पुडे खड्ड्यासाठी पोत्यात भरले आणि विळा घेऊन झऱ्याची वाट धरली. तासाभरात दोन टोपल्या पानं आली. मग दोघी समोरासमोर बसून पुडे बांधत राहिल्या. लानयिंग धुसफुसत, शिउझेन निवांत.

पाहुणे आले तेव्हा पहिला घाणा नुकताच उतरला होता. विहीणबाईंनी पुडा सोडला, एक पान, दुसरं, तिसरं.

"अगंबाई, तीन पानं? आपल्याकडे एकात भागतं."

शिउझेननं तोंड उघडायच्या आत लानयिंग म्हणाली, "या गावात तीनच लावतात, आई. झऱ्यावरची. दुसरी चालत नाहीत."

शिउझेननं व्याह्यांच्या ताटात दुसरा पुडा ठेवला.