संपत खरात समुद्रात उतरला तेव्हा

संपत खरात मूळचा हसनाबादचा. जालना एमआयडीसीत लोखंडी सळया बनवणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये तो वेल्डर होता. बोलणं बेताचं, हात मात्र पक्का. गावच्या विहिरीत लहानपणीच पोहायला शिकला होता, पण वयाची पस्तिशी आली तरी समुद्र त्यानं पाहिला नव्हता.

पंचाण्णव साली मिल काही महिने बंद पडली. तेव्हा बायकोचा, कांताबाईचा, भाऊ देवानंद त्याला कोकणात घेऊन गेला. देवानंद तिथं एका ठेकेदाराकडं कामाला होता. खोल समुद्रातल्या तेलविहिरींना लागणाऱ्या नळ्या त्यांच्या यार्डात जोडल्या जात.

"थोडे दिवस बघतो. न्हाई जमलं तर वापस येतो," निघताना संपत कांताबाईला म्हणाला.

काम जमलं. पण पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला समुद्रातली एक तेलाची नळी फुटली. काळा तवंग वाऱ्याबरोबर किनाऱ्याकडं सरकत आला आणि एका खाडीच्या तोंडाशी पोचला. तो आत कांदळवनात शिरू नये म्हणून यार्डातल्या माणसांना बोटींवर घेतलं. त्यांनी पाण्यावर नारिंगी रंगाचा तरंगता पट्टा सोडला आणि तेलाला चहूकडून वेढा घातला. या पट्ट्याला सगळे बूम म्हणत. पाण्याच्या वर त्याचा फुगीर भाग दिसायचा, खाली कापडी झालर, आणि झालर ताठ राहावी म्हणून तिला जड साखळी.

वेढा पुरा झाला आणि मग कुणाला तरी आत काळसर पाठी दिसल्या. डॉल्फिन होते. दोन मोठे आणि एक पिल्लू.

त्या किनाऱ्यावर उषा मॅडम नावाच्या संशोधक बाई बरीच वर्षं डॉल्फिनची पाहणी करत होत्या. निरोप मिळताच त्या मच्छिमारांच्या होडीतून आल्या आणि संपतच्या बोटीवर चढल्या.

"बूमखालून जातील की ते," बोट चालवणारा तांडेल म्हणाला.

"नाही जाणार. ती झालर, ती साखळी त्यांना जाळ्यासारखी वाटते. जवळ येतात आणि बिचकून मागं फिरतात," मॅडम म्हणाल्या. "आणि श्वासाला तर वर यावंच लागतं. वर तेल आहे. त्याची वाफ सरळ फुप्फुसात जाते."

संपत शेजारीच दोर गुंडाळत उभा होता. त्यानं विचारलं, "मासा तर पाण्यातच श्वास घेतो ना, मॅडम?"

"हा मासा नाही. तो आपल्यासारखी हवा घेतो. मादी पिल्लाला दूध पाजते. एकदा व्याली की पुढचं पिल्लू व्हायला तीन-चार वर्षं जातात. या किनाऱ्यावर मुळात थोडेच उरलेत. त्यातली एक आई गेली तर भरून यायला फार काळ लागतो."

वारा समुद्राकडून होता. तेल खाडीच्या बाजूला, बूमच्या आतल्या कडेला जमत होतं. समुद्राकडच्या बाजूला पाणी बरंचसं मोकळं होतं. मॅडम म्हणाल्या, तिथं बूम उघडा, तेल फारसं बाहेर जाणार नाही. तांडेलानं वायरलेसवर साहेबांना विचारलं. वारा फिरायच्या आत बूम परत बंद करा, या बोलीवर परवानगी मिळाली.

पण बूमचे दोन तुकडे जिथं जोडले होते, तिथली खीळ चिकटून बसली होती. बोट अगदी जवळ न्यावी तर पंख्यात झालर अडकायची. संपतनं कमरेला दोर बांधला, हातात हातोडा घेतला.

"दाजी, मी जातो," देवानंद म्हणाला.

"तुला पोहता कुठं येतं? दोर बराबर धर."

पाणी वरून मोकळं दिसलं तरी त्यावर पातळ थर होताच. रॉकेलसारखा वास नाकात गेला, डोळ्यांत आग उठली. एक लाट तोंडावर आली आणि थोडं पोटात गेलं. संपत एका हातानं बूमला लटकला आणि दुसऱ्या हातानं खिळीवर घाव घालत राहिला. खीळ निघाली. दोन बोटींनी बूमची टोकं ओढून वाट मोकळी केली. डॉल्फिनच्या मागच्या बाजूला मच्छिमारांच्या होडीतले लोक पाण्यात लोखंडी नळ्या बुडवून एकमेकींवर ठोकू लागले. त्या आवाजानं डॉल्फिन पुढं सरकले.

एक मोठा डॉल्फिन बाहेर पडला. आई वाटेपर्यंत आली, पण पिल्लू मागं वळलं, तशी तीही वळली. आवाज चालूच राहिला. दोघं पुन्हा आले, संपतच्या अगदी जवळून. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. त्याला ऐकू आला तो श्वास, आधी एक मोठा आणि लगेच मागून एक छोटा. मग दोघंही मोकळ्या पाण्यात गेले.

संपतला बोटीवर ओढून घेतलं तेव्हा त्याला उलट्या होऊ लागल्या. डोळे सुजून मिटले होते. देवानंदनं त्याला दवाखान्यात नेलं आणि हसनाबादला भुजंगच्या एसटीडी बूथवर फोन लावला. कांताबाई धावत आली.

"ताई, दाजी पाण्यात उतरले व्हते. दवाखान्यात हायेत. डोळे..." आणि लाइन तुटली.

परत फोन लागेना. कांताबाई औरंगाबादच्या पुढं कधी गेली नव्हती. सासू गोजरबाईनं भाकरी बांधून दिल्या, म्हणाली, "जल्दी जा, मी हाये घरी." एसटी बदलत बदलत, लोकांना विचारत कांताबाई कोकणात पोचली. वाटभर तिच्या डोक्यात एकच, वेल्डरचे डोळे गेले तर तो करणार काय?

संपत खाटेवर बसून चहा पीत होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी.

"कोण हाये?"

"मी."

"तू? कशी आली?"

"एसटीनं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. संपत बराच वेळ पापण्या मिटत-उघडत राहिला. मग म्हणाला, "लुगडं हिरवं नेसून आली व्हय." डॉक्टर हसले आणि म्हणाले, थेंब घालत राहा, नजरेला काही झालेलं नाही.

तो हिंडाफिरायला लागल्यावर उषा मॅडम दोघांना होडीतून घेऊन गेल्या. तेल बरंचसं उपसलं होतं. सगळंच ठीक नव्हतं. एक म्हातारा डॉल्फिन किनाऱ्याला मरून लागला होता, मॅडमनी ते लपवलं नाही. पण उन्हं वर आली तशी दूर पाण्यात एक पाठ दिसली, तिच्या अंगाला लागून एक छोटी.

"तीच आई. पाठीवरच्या पंखाला खाच आहे, ओळखू येते," मॅडम म्हणाल्या.

कांताबाई होडीची कड घट्ट धरून बसली होती. ती पाहतच राहिली. "दूध पीत असंल का हो अजून?" तिनं विचारलं.

"पितंय. म्हणून तर आईला सोडत नाही."

पावसाळ्याआधी संपत हसनाबादला परतला. जालन्याची मिल सुरू झाली होती, त्याला परत घेतलं. पहिल्या संध्याकाळी गोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तू त्या मायलेकराला सोडवलं?"

"मी एकटा न्हाई, आई. लई जण व्हते."

"असू दे." तिनं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि दोन्ही डोळे नीट बघितले. मग म्हणाली, "हात धू. जेवून घे."