बादलीत बुडालेला शेवट

चहाच्या दुसऱ्या कपासाठी मी हात लांबवला आणि वहिनींच्या मांडीवरचं मासिक थेट त्यांनी पाय सोडलेल्या गरम पाण्याच्या बादलीत गेलं. कप मात्र मी शिताफीनं वाचवला. अशा वेळी माणूस नेमकं काय वाचवतो, त्यावरून त्याची लायकी कळते.

वहिनी रागावल्या नाहीत. रागवायलाही अंगात थोडी ताकद लागते. गेली एकोणीस वर्षं त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतात. आठ तास, उभ्यानं. दोघींनी चादरीची दोन-दोन टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा लांब जायचं. हात इतका बसलाय की घरी वर्तमानपत्राचीही त्या चौपदरी घडी घालतात, आणि दादाला जगातल्या सगळ्या घडामोडी चौकोनातच वाचाव्या लागतात.

सुट्टीच्या दुपारी सुजलेले पाय बादलीत सोडायचे आणि रद्दीतून आणलेल्या मासिकातली गोष्ट थोडी थोडी वाचायची, एवढीच त्यांची चैन. गोष्टीत प्रेम हवं, पण प्रेम करणारा या जगातला नको. भूत चालतं, यंत्रमानव चालतो, परग्रहावरचा तर फारच चालतो.

या वेळची गोष्ट अंतराळयानात एकटीनं काम करणाऱ्या तंत्रज्ञ बाईची आणि त्या यानाच्या मेलेल्या चालकाच्या भुताची. भूत रोज तिच्या उशाशी येऊन म्हणतं, "तू झोप. यंत्रं मी बघतो."

"एवढंच?" मासिक कोरडं होतं तेव्हाच मी विचारलं होतं. "हात धरणं वगैरे काही नाही?"

"झोप म्हणतं की, भावजी. आणखी काय म्हणायला हवं?"

आता त्यांनी मासिक पिळलं, टॉवेलात दाबलं आणि सवयीनं इस्त्री फिरवली. बाकीची पानं कडक झाली; शेवटचं पान मात्र लगदा होऊन इस्त्रीलाच चिकटलं. यान पृथ्वीवर उतरतंय, तिथवरच गोष्ट उरली. भुताचं पुढे काय, देव जाणे.

"उद्या काय सांगू त्यांना?" वहिनी मट्‌कन खाली बसल्या. एका चादरीला एक प्रसंग, असं करत त्या लाँड्रीतल्या सातजणींना ही गोष्ट सांगत होत्या. "दुपारनंतर पाय उचलत नाहीत हो कुणाचे. गोष्ट असली की तेवढा वेळ निघतो."

"हात्तिच्या! शेवट मी लिहून देतो."

आतून दादानं हाक मारली, "अगं, चहा उरलाय का?" वहिनी भिंतीला धरून उठल्या. मी लिहायला बसलो.

मी हात आखडता घेतला नाही. भुताला शरीर दिलं, दोघांचं लग्न लावलं, घराच्या खिडकीत फुलाची कुंडीही ठेवली. शेवटी तो कामावरून दमूनभागून येतो, ती गरमागरम ताट वाढते, पहिला घास घेऊन तो म्हणतो, "तुझ्या हाताला चव आहे." लिहून झाल्यावर मीच तो शेवट दोनदा वाचून काढला.

वहिनींनी उभ्यानंच वाचलं. कागदाची चौपदरी घडी घातली आणि माझ्याच खिशात सरकवली.

"का हो वहिनी? नाही आवडला शेवट?"

"भूतच बरं होतं, भावजी, ते जेवायला मागत नव्हतं."